गावाची मालमत्ता, गावाचे दप्तर

भीमाकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेला कुंपण घालण्याचे ठरले. निधी मंजूर झाला, अंदाजपत्रक तयार झाले आणि खांबांसाठी खड्डे कोठे घ्यावयाचे हे पाहण्यासाठी मंडळी मैदानावर जमली. तेव्हा शेजारच्या शेताचा मालक पुढे आला आणि अगदी सौम्य शब्दांत म्हणाला, "गुरुजी, शाळेची जागा कुठवर आहे तेवढं कागदावर दाखवा, मग खुशाल खांब रोवा. सात-बारा तर अजून आमच्या आजोबांच्या नावावरून आमच्याकडे आलेला आहे."

मैदानावरील सर्वजण निरुत्तर झाले. ही जागा त्या शेतकऱ्याच्या आजोबांनीच शाळेसाठी दिली होती, हे गावातील प्रत्येकाला ठाऊक होते. दर स्वातंत्र्यदिनी त्यांच्या दातृत्वाचा उल्लेख होत असे. परंतु कागद कोणीही पाहिलेला नव्हता. नातवाच्या मनात काही कपट होते असेही नाही. घरात वाटणीचा विषय निघालेला होता आणि कागदावर जे क्षेत्र दिसते तेच वाटले जाणार होते.

पुढे काही दिवसांनी हे मुख्याध्यापक सोलापूरला आले असता त्यांची भेट झाली. त्यांचा प्रश्न एकच होता: "साहेब, कागद शोधायला मी तयार आहे. पण तो मागायचा कोणाकडे?" सरपंच, सदस्य आणि शिक्षक यांच्याकडून हा प्रश्न या ना त्या रूपाने नेहमी ऐकावयास मिळतो. स्मशानभूमी, गायरान, पाणंद, बाजाराची जागा, तालीम, विहीर, शाळेचे मैदान अशी गावाची मालमत्ता सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, पण तिची नोंद कोणत्या दप्तरात आहे हे क्वचितच कोणाला सांगता येते.

गावठाणात की गावठाणाबाहेर?

शोधाचा आरंभ या प्रश्नापासून करावयाचा असतो, आणि बहुतेकांची चूक येथेच होते. गावठाणाबाहेरील शेतजमिनीची नोंद महसुली दप्तरात, म्हणजे तलाठ्याकडे असते. (२०२४ पासून या पदाला ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले आहे, तथापि लोकांच्या तोंडी तलाठी हाच शब्द आहे आणि तो लवकर जाईल असे वाटत नाही.) गावठाणाच्या आतील घरे, मोकळ्या जागा, चावडी, देवळापुढील पटांगण यांना सात-बारा नसतोच. जेथे गावठाणाचे भूमापन झालेले आहे तेथे त्यांची मिळकत पत्रिका भूमि अभिलेख कार्यालयात मिळते. जेथे ते झालेले नाही तेथे ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना ८, एवढाच आधार असतो.

नमुना ८ विषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. ही नोंदवही कर कोणाकडून वसूल करावयाचा हे सांगते. जागेचा मालक कोण, याचा निर्णय ती करीत नाही. नमुना ८ चा उतारा हाती घेऊन मालकी सांगणारे आणि तो मान्य करून व्यवहार करणारे, दोघेही पुढे अडचणीत येतात. ही उणीव भरून काढण्यासाठी गावठाणांच्या ड्रोनद्वारे मोजणीचे काम हाती घेण्यात आले. आपल्या राज्यात पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी त्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व या नावाने ही योजना देशभर जाहीर केली. ज्या गावात ही मोजणी व्हावयाची असेल अथवा चालू असेल तेथील सदस्यांनी एक काम आवर्जून करावे. लोक आपापल्या घराच्या हद्दी दाखविण्यास दक्ष असतात, पण चौक, बोळ, सार्वजनिक आड आणि मोकळ्या जागा यांच्या हद्दी दाखविण्यास कोणीच पुढे येत नाही. त्या ग्रामपंचायतीनेच दाखवावयाच्या असतात.

सात-बारा म्हणजे दोन नमुने

ज्याला आपण सात-बारा म्हणतो तो गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा एकत्रित उतारा आहे. सातव्या नमुन्यात अधिकार, म्हणजे भोगवटादार कोण, क्षेत्र किती, आकार किती, बोजे व इतर हक्क कोणते हे असते. बाराव्यात पिकांची नोंद असते. गाव नमुने १ पासून २१ पर्यंत आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. त्या सर्वांची ओळख येथे करून देण्याचे कारण नाही. परंतु गावाची सामाईक मालमत्ता शोधणाऱ्याने सात-बारावर न थांबता नमुना १ आणि त्याची उपपत्रके जरूर पाहावीत.

गाव नमुना १ हा आकारबंद होय. गावातील प्रत्येक भूमापन क्रमांक, त्याचे क्षेत्र आणि आकार यांची ती मूळ यादी आहे. नमुना १-अ मध्ये वनजमिनी असतात. नमुना १-ब मध्ये बिनभोगवट्याच्या, म्हणजे सरकारी जमिनी असतात, आणि नमुना १-ई मध्ये अतिक्रमणांची नोंद असते. गावात सरकारी पड किती, गायरान किती, ते कोणत्या क्रमांकात आहे आणि त्यावर आज कोणाचे पाय आहेत, हे या दोन पत्रकांवरून अर्ध्या तासात कळते. अनेक वर्षे ग्रामपंचायतीत काढलेल्या सदस्यांनीही नमुना १-ब कधी उघडून पाहिलेला नसतो, असा माझा अनुभव आहे. गायरानावरून वाद पेटतो तेव्हा मात्र त्याची आठवण होते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये गुरांना चरण्यासाठी वा इतर सार्वजनिक प्रयोजनासाठी सरकारी जमिनी नेमून देता येतात. अशी जमीन गावाच्या वापरासाठी असली तरी ती मालकीने सरकारची राहते, हा भेद ध्यानात ठेवावा. सार्वजनिक वापराच्या जमिनींवरील अतिक्रमणांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला आणि त्यानंतर १२ जुलै २०११ रोजी राज्य शासनाने या जमिनींच्या संरक्षणाबाबत शासन निर्णय काढला. गावठाणातील रस्ते व मोकळ्या जागांवरील अडथळे दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ नुसार पंचायतीस आहे. गावठाणाबाहेरील सरकारी जमिनीवरील अतिक्रमणासाठी संहितेच्या कलम ५० खाली महसूल यंत्रणेकडे जावे लागते. कोणत्या दारात जावयाचे हेही अशा रीतीने जागेच्या नोंदीवरूनच ठरते.

क्रमांक बदलतो, जमीन तीच असते

जुना कागद हाती लागला आणि त्यावरील क्रमांक आजच्या सात-बाराशी जुळेना, की शोध तेथेच सोडून दिला जातो. वस्तुतः तेथून खरा शोध सुरू होतो. त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

मुंबई इलाख्यातील शास्त्रशुद्ध भूमापनाची सुरुवात आपल्या अगदी शेजारी, इंदापूर तालुक्यात झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास तेथे शेतागणिक मोजणी करून प्रत्येक शेताला क्रमांक देण्याची पद्धत घालून दिली आणि मग ती इलाखाभर पसरली. त्या मोजणीतून सर्व्हे नंबर आले. मोजणीच्या वेळी प्रत्येक शेताची आकृती आणि मापे ज्या कागदावर लिहिली गेली त्याला टिपण म्हणतात. पुढे वाटण्या होऊन सर्व्हे नंबरांचे हिस्से पडले, त्यांच्या मोजणीचे फाळणी नकाशे झाले. नंतर १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड अधिनियमाखाली ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबविली गेली तेथे सर्व्हे नंबरांऐवजी गट नंबर आले.

म्हणजे एकाच शेताला आजोबांच्या काळी एक क्रमांक, वडिलांच्या काळी दुसरा आणि आज तिसरा असू शकतो. जुन्या सर्व्हे नंबराचा कोणता गट झाला हे सांगणारी एकत्रीकरणाची पत्रके तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयात असतात. टिपण, फाळणी नकाशा, गट नकाशा ही कागदपत्रेही तेथेच मिळतात, तलाठ्याकडे नव्हे. क्षेत्राबाबतही सावध राहावे. जुने कागद एकर-गुंठ्यांत असतात, आजचे हेक्टर-आरमध्ये. ४० गुंठ्यांचा एकर आणि १०० आरचा हेक्टर. एक गुंठा जवळजवळ एका आरएवढा भरतो, म्हणून २० गुंठ्यांची जागा आजच्या उताऱ्यावर सुमारे २० आर दिसली तर ती जुळली असे समजावे.

सात-बारावर नावापुढे वर्तुळात जे आकडे दिसतात ते फेरफार क्रमांक होत. फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६. खरेदी, वारसा, वाटणी, बक्षीस, न्यायालयाचा हुकूम अशा ज्या कारणाने नाव बदलले ते कारण या नोंदवहीत थोडक्यात लिहिलेले असते. सात-बारा आजची स्थिती दाखवितो, फेरफार ती कशी आली हे सांगतो. शोध घेणाऱ्याने सात-बारावरील सर्वांत जुना फेरफार क्रमांक घ्यावा, त्याची नक्कल काढावी, त्यात उल्लेख असलेल्या मागील फेरफाराची नक्कल काढावी, आणि असे पायरीपायरीने मागे जावे. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण त्याला दुसरा पर्याय नाही.

पाणंद कोठे लिहिलेली असते?

रस्त्यांचे तंटे हा खेड्यातील सर्वांत कडवट विषय. "पिढ्यानपिढ्या बैलगाड्या जात होत्या" असे एकजण म्हणतो आणि "रस्ता सात-बारावर दाखवा" असे दुसरा म्हणतो. रस्त्याचा स्वतंत्र सात-बारा सहसा नसतो हे दोघांनाही माहीत नसते. पाहावयाचा असतो तो गावनकाशा. गावनकाशावर एका गावाहून दुसऱ्या गावास जाणारे रस्ते व गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषांनी आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखविलेले असतात. गाडीमार्गाचे क्षेत्र ज्याच्या शेतातून तो जातो त्याच्या सात-बारावर पोटखराब म्हणून धरलेले असते. पोटखराब वर्ग (अ) म्हणजे लागवडीस अयोग्य जागा. वर्ग (ब) म्हणजे रस्ता, ओढा यांसारख्या सार्वजनिक प्रयोजनासाठी राखलेली जागा. त्या लहानशा अक्षरात अनेकदा संपूर्ण पाणंद लपलेली असते.

नकाशावरील वा वहिवाटीचा रस्ता कोणी अडविला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावयाचा असतो. आपसांत मिटेल या आशेने वर्ष काढले, तर हा मार्ग बंद होतो.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या दप्तरातही गावाच्या मालमत्तेसाठी तीन नमुने आहेत: स्थावर मालमत्तेसाठी नमुना २२, रस्त्यांसाठी नमुना २३ आणि जमिनींसाठी नमुना २४. ते अद्ययावत असतील तर निम्मे वाद उद्भवणार नाहीत. ते कोरे असतील तर लेखापरीक्षणात शेरा पडतो, आणि पुढील वर्षी तोच शेरा पुन्हा पडतो.

सोलापूर जिल्ह्याचे वेगळेपण

आज अकरा तालुक्यांचा दिसणारा हा जिल्हा एका राजवटीखाली वाढलेला नाही. अक्कलकोट हे स्वतंत्र संस्थान होते. मंगळवेढा सांगली संस्थानात होते. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली तेव्हा हा मुलूख जिल्ह्यास जोडला गेला. माळशिरसचा भाग एकोणिसाव्या शतकात सातारा जिल्ह्यातून इकडे आला. निजामाच्या हद्दीतील काही गावेही स्वातंत्र्यानंतरच्या अदलाबदलीत मिळाली. म्हणून उत्तर सोलापुरातील गावाचे जुने कागद ज्या क्रमाने सापडतात त्याच क्रमाने अक्कलकोटच्या गावाचे सापडतील असे धरून चालू नये. विलीनीकरणापूर्वीच्या व्यवहाराचा शोध घेणाऱ्याने, आपले गाव त्या वेळी कोणाच्या अमलाखाली होते, हे प्रथम निश्चित करावे.

दुसरी अडचण लिपीची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे पुष्कळसे दप्तर मोडी लिपीत आहे. रुमालात बांधलेला कागद सापडतो, पण वाचता येत नाही, आणि वाचता न आल्यामुळे तो "निरुपयोगी" ठरतो. शिक्षकांना येथे एक सूचना करावीशी वाटते. मोडी काही आठवड्यांच्या अभ्यासाने येते. प्रत्येक केंद्रात एका जरी शिक्षकाने ती शिकून घेतली तरी त्या परिसरातील गावांचे मोठे काम होईल. न्यायालयात वा कार्यालयात सादर करावयाचे लिप्यंतर मात्र जाणकार मोडी वाचकाकडूनच करून घ्यावे.

पंढरपूरसारख्या क्षेत्राच्या सान्निध्यामुळे जिल्ह्यात देवस्थान इनाम जमिनीही आहेत. त्या गाव नमुना ३ मध्ये, म्हणजे दुमाला जमिनींच्या नोंदवहीत पाहाव्यात. पुजारी वा वहिवाटदार म्हणून ज्याचे नाव लागलेले असते तो अशा जमिनीचा मालक नसतो.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. यशवंतसागराच्या पाण्याखाली करमाळा, माढा आणि इंदापूर तालुक्यांतील गावे गेली आणि त्यांची नवी गावठाणे दुसरीकडे वसली. त्या गावठाणांसाठी खाजगी जमिनी संपादन कराव्या लागल्या. भूसंपादनाचा निवाडा होतो, मोबदला दिला जातो, जागेचा ताबाही घेतला जातो. मग भूमि अभिलेख कार्यालय कमी-जास्त पत्रक तयार करते आणि त्याप्रमाणे सात-बारात दुरुस्ती व्हावयाची असते. ही शेवटची पायरी राहून गेली, तर गाव वसलेले असते, शाळा भरत असते, देवळात आरती होत असते, आणि सात-बारावर मूळ खातेदाराचे नाव तसेच राहते. पुनर्वसित गावांतील सदस्यांनी आपल्या गावठाणाच्या गट क्रमांकाचा सात-बारा एकदा काढून पाहावा. नाव जुळत नसेल तर निवाड्याची प्रत आणि कमी-जास्त पत्रक यांची मागणी करावी. मूळ खातेदार हयात आहे तोवर हे काम सोपे असते.

सोलापूर शहरात सात-बाराची जागा नगर भूमापनाच्या मिळकत पत्रिकेने घेतलेली आहे. तिच्यावरील क्षेत्र, सत्ताप्रकार आणि धारकाचे नाव पाहावे. महापालिकेची मालमत्ता कराची पावती तिची जागा घेऊ शकत नाही. वसाहतींमधील खुल्या जागा आणि मैदाने यांच्यासाठी मंजूर रेखांकनाचा नकाशा आणि मिळकत पत्रिका अशा दोन्ही प्रती लागतात.

मागण्याचा अधिकार

कागद कोठे आहे हे कळले तरी "तो मला देतील का?" ही शंका उरतेच. या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. महसूल संहितेच्या कलम ३२७ नुसार, नियम व फी यांच्या अधीन राहून, नकाशे आणि भूमि अभिलेख जनतेच्या पाहणीस खुले आहेत आणि मागणाऱ्यास त्यांच्या प्रमाणित नकला दिल्या पाहिजेत. जमीन आपल्या नावावर असलीच पाहिजे अशी अट त्यात नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातही तसेच आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक १ आणि त्याच्या सूच्या कोणासही फी भरून पाहता येतात. मृत्युपत्रांना मात्र हा नियम लागू नाही. सूची क्रमांक २ ही मालमत्तेच्या अनुक्रमाने असते, म्हणून गाव आणि क्रमांक ठाऊक असला की दस्ताचा शोध तिच्यातून घेता येतो.

अर्ज करताना गाव, तालुका, जुना व नवा क्रमांक, कोणता नमुना आणि अंदाजे कोणते वर्ष, एवढे लिहावे. "शाळेच्या जागेचे सर्व कागद द्यावेत" असा अर्ज कोणत्याही कार्यालयात पुढे सरकत नाही, आणि त्यात कर्मचाऱ्याचा दोष नसतो. "गट क्रमांक अमुकचा १९५० ते १९६५ या काळातील सात-बारा व त्यावरील सर्व फेरफारांच्या नकला" असे लिहिले म्हणजे रुमाल सोडणाऱ्यास काय पाहावयाचे ते कळते. जुने दप्तर तहसील कार्यालयाच्या अथवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गेलेले असते. सर्व कागद कायम ठेवले जात नाहीत. 'अ' वर्गाचे कायम राहतात, 'ब' वर्गाचे तीस वर्षे, इतर त्याहून कमी. कागद नाही असे उत्तर मिळाल्यास ते लेखी मागावे, कारण तोंडी नकाराला पुढे काही किंमत राहत नाही. नेहमीच्या अर्जाने काम न झाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहेच. १० रुपये फी आणि ३० दिवसांची मुदत.

संगणकामुळे बरेच काम घरबसल्या होऊ लागले आहे. महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावर सात-बारा, ८-अ आणि मिळकत पत्रिका विनामूल्य पाहता येते. पाहण्यापुरती ही प्रत कायदेशीर कामास चालत नाही. त्यासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. जुन्या हस्तलिखित कागदांच्या प्रतिमा 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर उपलब्ध होत आहेत. हस्तलिखितावरून संगणकात नोंदी घेताना चुका राहिल्या असतील तर त्या कळाव्यात म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. त्या वाचनाला लोक आपापल्या खात्यासाठी आले. सार्वजनिक जागांच्या नोंदी कोणी कान देऊन ऐकल्या असतील, अशी गावे थोडीच असावीत.

नोंदीचे वजन

नोंद सापडली म्हणजे सर्व झाले असेही नाही. संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, तिच्या विरुद्ध सिद्ध होईपर्यंत वा नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे ती गृहीतक आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो. लेखनप्रमाद असेल, म्हणजे मंजूर फेरफार पुढील उताऱ्यावर उतरलाच नसेल, तर कलम १५५ खाली दुरुस्ती होऊ शकते. फेरफाराच्या निर्णयाविरुद्ध अपील साठ दिवसांत करावयाचे असते.

तोंडी दिलेल्या जागेची गोष्ट अधिक अवघड आहे. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र लेखी व नोंदणीकृत असावे लागते. देवाच्या पायरीवर उभे राहून दिलेला शब्द कितीही पवित्र असला तरी त्याने सात-बारा बदलत नाही. आज जे दानशूर गृहस्थ शाळेला वा स्मशानभूमीला जागा देत आहेत त्यांचा सत्कार करण्यापूर्वी त्यांना दुय्यम निबंधकांकडे घेऊन जावे, मोजणी करून घ्यावी आणि फेरफार मंजूर झाल्याची नक्कल हाती आल्यावर मग हार घालावा.

त्या मुख्याध्यापकांनी वरील क्रमानेच शोध घेतला. प्रथम गटाचा सात-बारा काढला. एकत्रीकरणाच्या पत्रकावरून जुना सर्व्हे नंबर मिळाला. त्या क्रमांकाचे जुने उतारे अभिलेख कक्षातून काढले, तेव्हा एका उताऱ्याच्या इतर हक्कांत "लोकल बोर्ड शाळा, २० गुंठे" अशी ओळ दिसली. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. त्यापूर्वीच्या शाळांच्या जागा लोकल बोर्डाच्या नावे असणे साहजिकच होते, पण "जिल्हा परिषद" हा शब्द शोधणाऱ्याच्या नजरेतून ती ओळ सुटली असती. ओळीपुढील फेरफार क्रमांकावरून फेरफाराची नक्कल निघाली आणि तीत बक्षीसपत्राच्या नोंदणीचा क्रमांक होता. आजोबांनी शब्द देऊन काम सोडून दिले नव्हते; त्यांनी दस्त केला होता. क्रमांक बदलून उतारे नव्याने लिहिले गेले तेव्हा ती एक ओळ मागे राहिली होती.

मुख्याध्यापकांनी दस्ताची नक्कल काढली आणि ती प्रथम नातवाला नेऊन दाखविली. त्याने ती दोनदा वाचली, आजोबांची सही पाहिली आणि दुरुस्तीच्या अर्जाला आपली हरकत नसल्याचे लिहून दिले. शिक्षण विभागामार्फत तहसीलदारांकडे अर्ज गेला, संबंधितांना नोटिसा निघाल्या, मोजणी झाली. कुंपणाचे खांब आता मोजणीच्या खुणांवर उभे आहेत. दस्ताची एक प्रत शाळेच्या कपाटात आहे, दुसरी ग्रामपंचायतीच्या नमुना २४ ला जोडलेली आहे, आणि तिसरी नातवाने आपल्या घरी मागून नेली.